सुमे, तुझा लॉर्ड आणि माझा वरवंटा

सुमे, तुझं डोकं फुटलं त्या दिवशी सकाळी आपण दोघी एका इंग्रज माणसाला जगवायचं की मारायचं यावर भांडत होतो. भांडण अर्धंच राहिलं. तू मेलीस. उरलेलं अर्धं आता मी एकटी भांडणार आहे, आणि मधे तोंड घालायला तू नाहीस म्हणून सावकाश भांडणार आहे.

तुझ्या वाचणाऱ्या पोरी म्हणाल्या, आजी, बाईंवर काहीतरी लिहा, बाई जिथं लिहायच्या तिथंच आपण ते टाकू. मी म्हटलं, मी चौथी शिकलेली बाई, मला लिहिता कुठं येतं. तर पल्लवी म्हणाली, "तुम्ही बाईंशी बोलायच्या तसं कागदावर बोला. मोबाईलवर चढवायचं काम माझं." म्हणून बोलते आहे. तू कुठं शिकवलंस, किती पोरी घडवल्यास, ते सांगणार नाही. ते तुझ्या शाळेतल्या लोकांनी फोटोला हार घालून सांगितलं. त्यांना तुझं फक्त चांगलंच माहीत होतं.

मला तुझा हात माहीत होता. दुसरीत असताना तू माझ्या भुवईवर पाटी मारलीस. चार जणींना घेऊन तू राजकन्येची गोष्ट सांगत बसली होतीस आणि मी मधेच विचारलं, ही राजकन्या शेण कधी काढते? पाटीची कड लागली. रक्त डोळ्यात गेलं. मास्तरांनी विचारलं तेव्हा मी पडले म्हणून सांगितलं. खूण अजून आहे. आणि हीच तू पुढं म्हातारपणी मला शिकवायचीस, की सभ्य माणूस कधी हात उचलत नाही!

चौथीनंतर मी रानात गेले, तू नगरला गेलीस. तू इंग्रजीची बाई झालीस, मी तीन पोरांची आई झाले. तू लग्न केलं नाहीस, मी केलेलं निभावलं. पेन्शनीत निघाल्यावर तू आपल्या गावी, देवळालीला परत आलीस आणि खताच्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्यास. मी दूध घेऊन जिना चढले. दार उघडून तू म्हणालीस, "चंद्रे, म्हातारी झालीस की गं." गावात मला चंद्रे म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. मी म्हटलं, "तू काय कवळी हायेस व्हय?" आणि आत येऊन बसले, ती बसलेच.

कॉलेजात असताना तू त्या जुन्या इंग्रजी कादंबऱ्या धरल्यास त्या कधी सोडल्या नाहीस. दोनशे वर्षांपूर्वीचं इंग्लंड. मोठाली घरं, बग्ग्या, मेणबत्त्या, समोरासमोर ओळीत उभं राहून नाचणं, आणि मुली उजवायच्या राहिल्या म्हणून झुरणाऱ्या आया. तू मला ते मराठीत सांगायचीस.

"मुलीच्या नावावर जमीन होत नाही, चंद्रे. बाप गेला की सगळं कुठल्या तरी लांबच्या पुतण्याला. मुलींनी मग जायचं कुठं?"

"मंग ह्यात इंग्लंडचं काय? हे आपल्या वस्तीवर रोज चालतंय. त्यांच्याकडं बग्गी, आपल्याकडं टेम्पो, येवढाच फरक."

"म्हणून तर आवडतं मला ते," तू म्हणालीस. "आपलंच आहे, पण लांबून दिसतं."

आणि मग कळलं की तू नुसती वाचत नाहीस, लिहितेसही. त्यांच्यासारखीच गोष्ट, तोच काळ, तसलीच माणसं, पण आपल्या मराठीत. दर शनिवारी मोबाईलवर एक भाग. लुसिंडा नावाची गरीब पण तिखट पोरगी आणि लॉर्ड थॉर्नबी नावाचा श्रीमंत, तुसडा माणूस. माझ्या जिभेला ती नावं वळायची नाहीत. मी लुशी आणि थोरबा म्हणायचे. तू चिडायचीस, "लॉर्ड आहे तो! ऊसतोडीचा मुकादम नाही."

मला तुझी गोष्ट आवडायची. पण पटायची नाही. येवढी जमीन, येवढे नोकर, जवळ पोलीस चौकी नाही, बायकोचं माहेर लांब, आणि हा माणूस रागावला की काय करतो? खिडकीशी जाऊन बाहेर बघतो!

"तो गर्विष्ठ आहे, मारकुटा नाही," तू म्हणायचीस.

"गर्व हातात उतरायला किती येळ लागतो, सुमे?"

माझा नवरा बोलका होता. गावाला हसवायचा आणि घरी येऊन बैलाच्या पराणीनं मला मारायचा. धाकट्याच्या वेळची बाळंतीण होते तेव्हाही मारलं. एका दुपारी मी कुदळीचा दांडा त्याच्या नडगीवर घातला. हाड वाजलेलं मी ऐकलं. त्यानंतर तो लंगडत चालला, पण माणसात आला. पुढचा संसार बरा झाला. हे मी तुला सांगितलं तेव्हा तू उठून माठातलं पाणी प्यायलीस आणि विचारलंस, "मग?"

"मंग काय. हळद मीच लावली."

तू गोष्टीत लॉर्डाची आणि लुशीवर जीव असलेल्या कॅप्टन वेल्सची लढाई लावलीस, तेव्हा तर मी हसून पडले. पहाटे मैदानात जायचं, एकमेकांना वाकून नमस्कार करायचा, पावलं मोजायची, मग वळून पिस्तूल झाडायचं. मी म्हटलं, आमच्या बांधावर कुणी पावलं मोजत न्हाई. कुऱ्हाड येते, आणि ज्याला लागते त्यालाच ती शेवटी दिसते. तू म्हणालीस, "म्हणूनच लिहिते गं. बांधावर जे होतं तेच गोष्टीत लिहायचं तर गोष्ट कशाला?" हे तुझं मला तेव्हा कळलं नव्हतं.

तुझ्या वाचणाऱ्या पोरींचं एक खूळ होतं. वर्षातून एकदा नगरला हॉल घ्यायचा आणि त्या काळासारखं नटून नाचायचं. आयांच्या साड्या फाडून शिवलेले छातीखाली नाडी बांधायचे लांब झगे, कोपरापर्यंत पांढरे हातमोजे, गालांवर सोडलेल्या बटा. रिक्षावाले गाडी थांबवून बघायचे. तू मला म्हणालीस, त्या काळी कुमारी मुली जाणत्या बाईशिवाय कुठं जात नसत, तेव्हा तू चल. मी म्हटलं, आमच्याकडं आजपण जात न्हाईत. आणि खुर्ची टाकून बसले.

पोरींचे दोन तट होते, लॉर्डवाल्या आणि कॅप्टनवाल्या. लुशीनं कुणाशी लग्न करावं यावर त्यांचा उभा दावा. पाथर्डीकडच्या एका पोरीनं लॉर्डाला माजोरडा म्हटलं, तशी एका बँकवाल्याच्या बायकोनं हातातला पंखा तिच्या थोबाडावर मारला. मग काय विचारतेस. हातमोजे फाटले, बटा उपटल्या, एकीचा झगा नाडीपासून खाली आला, चहाचा थर्मास आडवा झाला. तू खुर्चीवर चढून ओरडत होतीस, "मुलींनो, सभ्य समाजात आहोत आपण!" शेवटी मी दोघींच्या वेण्या दोन हातांत धरून त्यांना बैलांसारखं वेगळं केलं. परत येताना एसटीत तू इतकी हसलीस की कंडक्टर म्हणाला, आजी, पाणी देऊ का?

पल्लवी त्या लॉर्डवाल्यांतली. राहुरीजवळच्या खेड्यातली, औषधाच्या दुकानात कामाला, तुझा प्रत्येक भाग पाठ. त्या दिवसांत तिला स्थळं येत होती. दोन पोरं बघून गेली. पहिल्यानं तिला काय वाचतेस म्हणून विचारलं, स्वतः हसला, तिलाही हसवलं, आणि आग्रहाची वाट न बघता दोन लाडू खाल्ले. दुसरा भिंतीकडं बघत बसला. बोलला सगळा त्याचा बाप. मुलगी पसंत आहे का विचारल्यावर तो म्हणाला, "ठीक आहे." बस्स.

तुझ्या सगळ्या गोष्टींत लॉर्ड असाच सुरू होतो. पहिल्या भेटीत तोंड फिरवतो, तिच्याबद्दल तुसडं बोलतो, आणि शेवटी कळतं की आत नुसता प्रेमाचा डोंगर. पल्लवीनं ग्रुपवर लिहिलं आणि पोरींनी एकच गिल्ला केला, "हाच तो! हाच थॉर्नबी!" तूही लिहिलंस, अबोल माणसाच्या आत फार काही असतं. मला विचारलं तर मी म्हटलं, बोलक्याचा अनुभव मी घेतलाय, मुका बरा. तुझी पुस्तकं आणि माझा संसार, दोन्हीची अक्कल एकत्र करून आपण त्या पोरीला भिंतीकडं बघणाऱ्याच्या हवाली केलं. त्याच्या आत फार काही होतंच. ते काय होतं ते पुढं दिसलं. त्याचं नाव मी इथं घेत नाही. कोर्टात घेईन.

पुढच्या मेळ्याला पल्लवी आली ती हातमोजे घालून. तूच तिला लग्नात दिलेले. नाचून झाल्यावर पोरी जेवायला बसल्या, सगळ्यांनी हातमोजे काढले, तिनं नाही. हातमोज्यानं पुरी तोडत होती. तू कौतुकानं म्हणालीस, "बघ, कशी भूमिकेत शिरलीय!" मी उठले आणि तिचा हातमोजा ओढून काढला. मनगटापासून कोपरापर्यंत पट्ट्याचे वळ. काही निळे, काही पिवळे पडलेले, एक ताजा, त्यावर पाणी आलेलं.

"आजी, झाका ना," ती म्हणाली. "सगळ्या बघतायत."

  त्या शनिवारी तू तो भाग लिहिलास.

लांबलचक टेबल, मेणबत्त्या, नोकर उभे, पाहुणे जेवतायत. लुशी लॉर्डाची बायको झालेली. कॅप्टन काहीतरी बोलतो, ती हसते, आणि थोरबा उठून सगळ्यांदेखत तिच्या थोबाडीत मारतो. तिच्या कानातला डूल सूपच्या बशीत पडतो. कुणी उठत नाही. पाहुणे चमचे वाजवत खात राहतात.

तुला वाटलं असेल मी खूष होईन. इतकी वर्षं मी तेच म्हणत होते. पण तू वाचून दाखवलंस तेव्हा मी खूष झाले नाही. ते चमचे मी ऐकले होते. माझ्या घरात ऐकले होते.

पोरी तुझ्यावर तुटून पडल्या. आमचा हिरो परत द्या. म्हातारीला वेड लागलं. असला घाणेरडा भाग काढून टाका. तुझ्या थकल्या डोळ्यांना ते सगळं वाचवत नव्हतं, तरी तू वाचत होतीस. त्यात पल्लवीचं तुला एकटीला आलेलं होतं, "बाई, लुसिंडा परत जाईल का?" लुशी तर अजून घर सोडूनही गेली नव्हती. तू उत्तर लिहिलं नाहीस. फोन केलास आणि म्हणालीस, "तू ये." ती पिशवी घेऊन आली. खालचा ओठ दोन ठिकाणी फाटलेला होता.

लुशीही पुढच्या शनिवारी बग्गीत बसून मावशीकडं निघून गेली.

आपलं खरं भांडण तिथून पेटलं. पोरी म्हणत होत्या, लॉर्डाला पश्चात्ताप होऊ दे, तो गुडघ्यावर येऊ दे, ती माफ करू दे. मी म्हणत होते, कॅप्टनला पाठव आणि छातीत गोळी घाल. तू कुणाचंच ऐकलं नाहीस. तू थोरबाकडून वकिलाला बोलावलंस, लुशीला आयुष्यभर पुरेल येवढं तिच्या नावावर करून दिलंस, सगळ्या पाहुण्यांपुढं चूक कबूल करवलीस, आणि त्याला लांब पाठवून दिलंस. तो मावशीच्या दारात आला नाही. निरोपही धाडला नाही.

त्या दिवशी सकाळी मी तुझ्या स्वयंपाकघरात पाट्यावर लसणाची चटणी वाटत होते. तू तुझी चहाची कपबशी घेऊन दारातल्या खुर्चीत, पल्लवी आत मेथी निवडत.

"मार त्याला," मी म्हटलं. "येक गोळी. काय जातंय तुझं?"

"मेलेला माणूस सुधारत नाही, चंद्रे."

"जिता सुधारतो व्हय? कोण सुधारलेला पाह्यलास तू?"

"कुणी नाही," तू म्हणालीस. "म्हणून तर लिहायचं. खरी माफी कशी असते ते ह्या पोरींनी कधी बघितलेलंच नाही. मग खोटी आली तर ओळखतील कशी? खरी माफी मागणारा दारात येत नाही. बदल्यात काही मागत नाही. तिनं ढुंकून बघितलं नाही तरी तो सुधारलेलाच राहतो."

"आणि मंग लुशी बोलावती त्याला. हाय ना? गोड शेवट करायचाय तुला."

"ते मला अजून माहीत नाही. तिचं ती बघेल."

"तिचं ती कशी बघंल? तू लिवतीस ना!"

तू हसलीस. तेवढ्यात जिन्यावर पाय वाजले.

पल्लवीचा नवरा आला, हातात ट्रॅक्टरचा मोठा पाना. तू खुर्चीवरून उठलीस आणि दाराच्या चौकटीला दोन हात लावून उभी राहिलीस. मला आतून तुझी पाठच दिसत होती. तू त्याला म्हणालीस, "आपण इथून जावं. तिची इच्छा नाही." आपण! त्या जनावराला तू आपण म्हणालीस, सुमे. तुझ्या लॉर्डाशी बोलावं तसं. तो म्हणाला, "सरक म्हातारे." तू सरकली नाहीस. त्यानं पाना घातला. पहिला खांद्यावर बसला, दुसरा डोक्यात. नारळ फुटल्यासारखा आवाज झाला. तू उंबऱ्यावर बसल्यासारखी बसलीस आणि मग कलंडलीस.

मी वरवंटा घेऊन आले. त्यानं पुन्हा हात उचललेला होता. मी मारला. त्याचं कोपर उलट्या बाजूला वळलं, पाना जिन्यावरून खडखडत खाली गेला, त्याच्यामागं तो ओरडत गेला. खाली खताच्या गोण्या उतरवणाऱ्या माणसांनी त्याला धरला आणि पोलीस येईपर्यंत त्याच्यावर बसून राहिले. पल्लवी तुझं डोकं मांडीवर घेऊन ओढणी दाबत होती. ओढणीचा रंग मेथीसारखा हिरवा होता, तो बघता बघता काळा झाला. माझ्या हाताला लसूण होता आणि तुझं रक्त होतं. तो वास अजून जात नाही. लसूण मी सोडलाय.

नगरच्या दवाखान्यात तू एकदा डोळे उघडलेस. पल्लवी कुठाय विचारलंस. बाहेर बसलीय म्हटलं. मग तू तोंडातल्या तोंडात म्हणालीस, "चंद्रे, थॉर्नबीला मारू नकोस." डोक्याची कवटी चिरलेली, आणि तुला तुझ्या लॉर्डाची काळजी! मला इतका राग आला. मी म्हटलं, "गप पड, टाके उसवतील." हे माझं तुझ्याशी शेवटचं बोलणं. मी काही दुसरं बोलायला हवं होतं असं पोरी म्हणतात. काय बोलणार होते? तुला माहीत होतं ते सगळं.

दोन दिवसांनी तू गेलीस. पुण्याहून पुतण्या आला, त्यानं अग्नी दिला. तुझ्या पोरी गाड्या भरून आल्या, लॉर्डवाल्या आणि कॅप्टनवाल्या सगळ्या. त्यांनी तुझ्यावर पांढरे हातमोजे वाहिले. गुरुजी गोंधळले, पण त्यांनी फुलं समजून पुढं केलं. तिथंच एकीनं मला कानात विचारलं, "आजी, बाईंनी शेवट लिहून ठेवलाय का?" मी तिला सरणापाशीच थोबाडीत मारली. ती रडली, पण हलली नाही. म्हणाली, "अजून मारा, आजी. पण सांगा ना, काय होतं हो तिचं?" तेव्हा मला दिसलं की तिच्या प्रश्नात चव घेणं नव्हतं. तिलाही घरी जायचं होतं. तिच्या घरी काय आहे ते मी विचारलं नाही. तिचा नंबर मात्र घेतला.

तुझा तेरावा झाला आणि ती माणसं माझ्या ओट्यावर आली. त्याचा बाप, त्याचा चुलता आणि सोबत एक पुढारी. पल्लवीचा बाप आधीच येऊन मान खाली घालून बसलेला. माझा थोरला बाळूही होता.

चुलता गोड बोलत होता. झालं ते वाईट झालं. पोरगं आत रडतंय. अन्नाला शिवत नाही. माफी मागतोय. पल्लवीनं आणि आजींनी येवढंच सांगावं की धक्काबुक्कीत म्हातारीचा पाय जिन्यावरून घसरला. तेवढं केलं तर आजींनी त्याचं कोपर मोडलं त्याची तक्रार आम्ही करणार नाही. पल्लवीला मानानं नांदायला नेऊ.

"आई, ऐक," बाळू म्हणाला. "तुझ्या वयाला कोर्टकचेरी झेपायची न्हाई. उद्या तुलाच आत घातलं तर?"

पल्लवीचा बाप म्हणाला, "पोरी, संसार आहे. माणूस एकदा चुकतो."

पडले म्हणून मी दुसरीत एकदा सांगितलं होतं, तुझ्यासाठी. आता तुझ्याबद्दल तेच सांगायला मी तोंड उघडलं असतं तर जीभ हासडून ठेवली असती. मी शिव्यांनी सुरुवात करणार होते. पण पल्लवी आतून बाहेर आली. तिच्या ओठावर व्रण होता. माझ्याकडं तिनं बघितलंही नाही. ती चुलत्यापुढं उभी राहिली.

"आण्णा, त्यांना खरंच वाईट वाटतंय?"

"लई वाईट वाटतंय गं. पार खचलाय."

"मग एक करा. मी पोलिसांना घडलं तसंच सांगणार आहे. नांदायलाही येणार नाही. एवढं त्यांना सांगा, आणि त्यानंतरही त्यांना वाईट वाटतंय का, ते विचारून या."

चुलता म्हणाला, "हे काय बोलणं झालं? मंग त्यानं माफी मागायची कशासाठी?"

"तेच," पल्लवी म्हणाली.

त्याचा बाप उठला. खुर्ची मागं पडली. रांड म्हणाला आणि हात उगारून तिच्या अंगावर गेला. तो हात बाळूनं वरच्या वर धरला. समझोता कर म्हणणारा माझा बाळू, सुमे. त्यानं ते मनगट इतकं पिरगाळलं की म्हातारा ओट्यावर गुडघ्यावर आला. "माझ्या दारात न्हाई," बाळू म्हणाला. पुढारी आपल्या चपला शोधायला लागला.

पल्लवी भिंत धरून खाली बसली. रात्रभर तिला ताप होता. शूर वगैरे काही नाही. पण सकाळी तिनं जबाब दिला, पाना, जिना, पट्टा, सगळं. बाप तिच्याशी बोलत नाही. ती तुझ्याच खोल्यांत राहते. दुकानवाल्यानं भाड्याचं नंतर बघू म्हटलंय. जिन्यावरचा डाग मी सोड्यानं घासला, पूर्ण गेला नाही.

ओट्यावर पल्लवी चुलत्याला बोलली ते वाक्य तुझं होतं. माझ्या मनासारखी गोष्ट तू लिहिली असतीस, गोळी घातली असतीस, तर ती पोरगी ओट्यावर काय करणार होती? तिच्याकडं पिस्तूल कुठं होतं? तुझ्या गोष्टीतून तिला विचारायचं काय ते मिळालं. येवढं मी कबूल करते. पण तुझ्याच गोष्टींनी तिला भिंतीकडं बघणारा माणूस निवडायला लावला, हेही मी सोडणार नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, चंद्रे, तूही मुका बरा म्हणालीस. हो, म्हणाले. चल, आपण दोघी त्यात आहोत.

पोरींनी आता आपापले शेवट लिहायला घेतलेत. कुणाची लुशी थोरबाला बोलावते, कुणाची कॅप्टनला धरते, एकीनं तर तिला जहाजात बसवून मुंबईला आणलीय. लिहू देत. मी वाचते सगळे. एकही पटत नाही, आणि कुणाशी भांडावं असं त्यातलं कुणी नाही.

माझ्यावरही केस होणार म्हणतात. बाळूनं वकील आणलाय. वकील तसा शहाणा पोरगा आहे. तो मला शिकवतो, "आजी, सांगायचं की घाबरून हात थरथरला आणि वरवंटा कसा लागला ते कळलं नाही." मी त्याला म्हटलं, बाबा, सत्तर वर्षं वाटण वाटतेय, माझा हात थरथरत न्हाई. मी जज्जसाहेबांना सांगणार आहे की मी नेम धरून मारला. तो वाकलेला होता, तुझ्यावर. त्याचं डोकं माझ्या अगदी समोर होतं, हातभर अंतरावर, आणि वरवंट्याला डोकं कोपरापेक्षा सोपं. वरवंटा मी डोक्यावरच उचलला होता. मेलेला माणूस सुधारत नाही, असं तू नुकतंच म्हणाली होतीस. मी कोपर घेतलं.